जडवाद, मेंदूविज्ञान आणि ‘मी’चे स्थान : प्रस्तावना

जे काही अस्तित्वात आहे ते जडद्रव्य आहे किंवा जडद्रव्याच्या रचनेतून आणि हालचालीतून घडलेले आहे, हा जडवादाचा मूळ सिद्धान्त. मेंदूविज्ञान हे गृहीत धरून चालते, आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्याच्या बाजूने पुरावा साठत गेला आहे. स्मृती, भाषा, भीती, लाज, निश्चय यांपैकी एकही शक्ती अशी उरलेली नाही की जी मेंदूला झालेल्या इजेने बिघडत नाही. मग ‘मी’ म्हणून जो बोलतो, आठवतो, वचन देतो, पस्तावतो, तो खरोखर कोणी आहे, की सुमारे १.४ किलो वजनाच्या अवयवाने उभा केलेला तो आभास आहे?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण तो मुळात एक प्रश्न नाही. मराठीत आत्मा, जीव, प्राण, मन, मीपण हे शब्द बोलताना सहज एकमेकांच्या जागी येतात. ‘जीव गेला’, ‘जीव लागला’ आणि ‘जिवावर आले’ या तीन प्रयोगांत जीव हा एकच शब्द तीन निराळ्या गोष्टी सांगतो. ‘मी’चेही तसेच आहे. त्याचा पहिला अर्थ द्रव्याचा : शरीराहून वेगळे, शरीराच्या नाशानंतरही टिकणारे असे काही. दुसरा अर्थ ज्ञात्याचा : ज्याला वेदना होते, रंग दिसतो, चव कळते तो. तिसरा अर्थ व्यक्तीचा : जिला नाव आहे, भूतकाळ आहे, नातीगोती आहेत आणि जी आपल्या कृत्याला जबाबदार धरली जाते ती. जडवाद यांपैकी कोणत्या ‘मी’ला नाकारतो, कोणाला सामावून घेतो आणि कोणापाशी त्याची वाट अडते, हे वेगवेगळे पाहिले म्हणजे चर्चा मार्गी लागते.

हा वाद बाहेरून आलेला नाही. बुलढाणा जिल्ह्यापुरते पाहिले तरी ‘मी’विषयीच्या निदान चार समजुती तिथे शेजारी शेजारी नांदतात.

देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. ज्या समाजाने देहाच्या जन्मावरून माणसाला विटाळलेला ठरवले, त्या समाजापुढे चोखोबा आणि सोयराबाई यांनी विटाळाचा विचार मुळापासून उलगडून दाखवला. विटाळ देहाचा म्हणावा तर तो प्रत्येक देहाला आहे, आणि आतल्या आत्म्याला तो लागतच नाही. आत्म्याचे वेगळेपण हा इथे निव्वळ तत्त्वचर्चेचा विषय नव्हता. अपमान सोसणाऱ्या माणसाच्या हाती ते प्रतिष्ठेचे शेवटचे साधन होते. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना १३३८ साली भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांची हाडे वेचली आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली, अशी परंपरागत कथा आहे. आत्मा देहाहून निराळा मानणाऱ्या परंपरेतच माणसाची ओळख अशी हाडांत उतरलेली दिसते. देह आणि ‘मी’ यांची फारकत भक्तीच्या कथेलाही पुरती साधलेली नाही.

दुसरी समजूत महानुभावांची. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या लोणार येथील वास्तव्याच्या लीळा आहेत. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि परस्परांहून स्वतंत्र मानले जातात. इथे जीव परमेश्वरात विरून जात नाही. त्याचे वेगळेपण कायमचे असते. या पंथाच्या परंपरेत भडोचच्या हरपाळदेवाचा मृत्यू झाल्यावर त्याच्या देहात चांगदेव राऊळांनी प्रवेश केला आणि तोच देह पुढे चक्रधर म्हणून वावरला, असे सांगतात. देह एक, पण त्यातला ‘तो’ बदलला, ही कल्पना इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९४ साली दुसऱ्या वाटेने मांडली. राजपुत्राची सारी स्मृती चांभाराच्या देहात गेली तर त्या देहातली व्यक्ती कोण, असे विचारून त्याने उत्तर दिले की ती राजपुत्रच. फरक इतकाच की लॉकने व्यक्तीची ओळख आत्मद्रव्यावर टेकवली नाही, ती स्मृतीच्या सलगतेवर टेकवली.

तिसरी समजूत पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीबाबांच्या दर्ग्यात दिसते. होळीच्या सुमारास भरणारी तिथली यात्रा नारळांच्या होळीसाठी प्रसिद्ध आहे, आणि सर्व धर्मांची कुटुंबे मानसिक त्रासाने पछाडलेल्या आप्तांना तिथे घेऊन येतात. ‘बाहेरचे लागले’, ‘अंगात येते’ या शब्दांत त्या त्रासाचे जे वर्णन होते त्यात ‘मी’विषयीचा एक सिद्धान्त दडलेला आहे : एका देहात एकाहून अधिक ‘मी’ राहू शकतात आणि घरचा मालक काही काळ हटवला जाऊ शकतो.

चौथी समजूत याच्या अगदी उलट टोकाची आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि विदर्भातल्या गावोगावी बुद्धविहार उभे राहिले. १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याचे अस्तित्व स्पष्टपणे नाकारले. चोखोबांना प्रतिष्ठेसाठी आत्मा लागला. बाबासाहेबांना वाटले की पूर्वजन्मीच्या कर्माचे ओझे वाहणारा आत्माच माणसाच्या गुलामीचे समर्थन करतो. आत्म्याशिवाय नीती टिकते, किंबहुना तेव्हाच ती माणसाच्या हाती येते, हा त्यांचा निष्कर्ष. बौद्ध परंपरेतला रथाचा दृष्टान्त याच बाजूचा आहे. मिलिंद राजाला नागसेन विचारतो की रथ म्हणजे चाक का, आस का, जू का. यांपैकी एकही रथ नाही आणि यांच्याबाहेरही रथ नाही. तरी रथ हा शब्द व्यवहारात खोटा पडत नाही.

जडवादही या भूमीत जुनाच. चैतन्य हा चार भूतांच्या मिश्रणाचा परिणाम आहे, धान्य आंबवले की त्यात नशा उत्पन्न होते तसे, हे चार्वाकांचे मत. त्यावर नैयायिकांचा आक्षेप होता की तसे असेल तर प्रेतातही चैतन्य असायला हवे, कारण भूते तर तिथेही आहेत. हा आक्षेप पुढे पुन्हा उपयोगी पडेल. विसाव्या शतकात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ‘जडवाद’ हे पुस्तक लिहून ही बाजू मराठीत मांडली. उलट बाजूचे काम बुलढाण्याला लागूनच असलेल्या जळगाव जिल्ह्यात झाले. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञानाची संस्था स्थापन झाली आणि तिनेच १९३० साली कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा ज्ञात्याच्या स्वातंत्र्याविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. देह बाहेरून पाहिलेला आणि देह आतून जाणवलेला यांतला फरक हा त्या ग्रंथातला एक कळीचा मुद्दा आहे.

आता मेंदूविज्ञानाने पुढे ठेवलेला पुरावा. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो. त्याला इजा झाली की माणसाचे काय बदलते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १३ सप्टेंबर १८४८ चे आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना फिनियस गेज या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार कवटी फोडून बाहेर पडली. तो वाचला, चालू-बोलू लागला, पण त्याच्या स्वभावात पडलेला फरक पाहून ओळखीचे लोक ‘हा आमचा गेज नव्हे’ असे म्हणू लागले. पुढे मात्र त्याने चिलीत अनेक वर्षे घोडागाडी हाकण्याचे जबाबदारीचे काम केले. मेंदूला इजा झाली की स्वभाव मोडतो, हे जसे यातून कळते, तसे तो काही अंशी पुन्हा सांधला जातो हेही कळते.

दुसरे उदाहरण हेन्री मोलायसन यांचे. १९५३ साली अपस्मारावरचा उपाय म्हणून त्यांच्या मेंदूतला स्मृतीशी संबंधित भाग दोन्ही बाजूंनी काढण्यात आला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांना नवे प्रसंग लक्षात ठेवता आले नाहीत. रोज भेटणारी माणसे त्यांना रोज नवी होती. तरीही त्यांचे सौजन्य आणि विनोदबुद्धी टिकून राहिली, आणि हाताने करायची कौशल्ये ते शिकू शकले, जरी शिकल्याचे त्यांना आठवत नसे. म्हणजे ज्याला आपण एकसंध ‘मी’ म्हणतो त्याचे धागे वेगवेगळ्या ठिकाणी विणले जातात आणि एक तुटला तरी बाकीचे उरतात.

तिसरे उदाहरण सर्वांत अस्वस्थ करणारे आहे. तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांत मेंदूचे दोन गोलार्ध जोडणारा पूल कापला जाई. रॉजर स्पेरी यांना अशा रुग्णांवरील संशोधनासाठी १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे सहकारी मायकेल गॅझॅनिगा यांच्या एका प्रयोगात रुग्णाच्या उजव्या गोलार्धाला बर्फाचे दृश्य आणि डाव्याला कोंबडीचा पाय दाखवला गेला. उजव्या गोलार्धाच्या ताब्यातल्या डाव्या हाताने फावड्याचे चित्र निवडले. बोलणाऱ्या डाव्या गोलार्धाला बर्फ दिसलेलाच नव्हता. तरी कारण विचारताच त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागते. त्या माणसाने खोटे सांगितले नव्हते. मेंदूने घडलेल्या कृतीला पटेल अशी गोष्ट जुळवली आणि ती त्याला स्वतःचे कारण वाटली.

देहाची मालकीही अशीच घडवलेली आहे. १९९८ च्या एका प्रयोगात माणसाचा खरा हात आडोशामागे ठेवून समोर रबरी हात मांडला आणि दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवला. थोड्याच वेळात रबरी हात आपला वाटू लागला. २००२ साली ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णेच्या मेंदूतील विशिष्ट जागी विजेचे उद्दीपन दिले तेव्हा आपण वर तरंगत असून खाली आपलाच देह दिसत आहे असे तिला जाणवले. आत्मा देहाबाहेर जाण्याचा अनुभव देहातूनच उत्पन्न करता येतो, एवढे यातून निश्चित होते. बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगात हाताची हालचाल होण्याआधी सुमारे अर्धा सेकंद मेंदूत पूर्वतयारीचा संकेत दिसला, तर हालचाल करण्याची इच्छा झाल्याची जाणीव फक्त ०.२ सेकंद आधीची होती. यावरून इच्छास्वातंत्र्य संपले असे अनेकांनी घाईने जाहीर केले. २०१२ साली आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की तो संकेत म्हणजे आधीच झालेला निर्णय असेलच असे नाही. मेंदूतले सहज चढउतार एका पातळीला पोचल्याचीही ती खूण असू शकते. शिवाय बोट हलवणे आणि मुलीचे शिक्षण चालू ठेवायचे ठरवणे या एका मापाच्या गोष्टी नाहीत.

या पुराव्यापुढे द्रव्यरूप आत्म्याचे काय होते? आत्मवाद्याचे एक उत्तर ठरलेले आहे : मेंदू ही वीणा आणि आत्मा हा वादक, तार तुटली की सूर बिघडतो, वादक नव्हे. उत्तर आकर्षक आहे, पण पुरेसे नाही. वीणा बिघडल्याने वादकाची आवड, त्याची नीतिमत्ता आणि त्याची स्वतःविषयीची समजूत बदलत नाही. मेंदूच्या इजेत नेमके हेच बदलते. जे जे काढून घेता येते ते ते वाद्याचे मानत गेले तर वादकाकडे स्मृती उरत नाही, स्वभाव उरत नाही, भाषाही उरत नाही; अशा वादकाला कोणाचा ‘मी’ म्हणावे हे सांगता येत नाही. जागा न व्यापणारा आत्मा देहाला हलवतो कसा, हा बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने १६४३ साली देकार्तला विचारलेला प्रश्नही आजवर उत्तराची वाट पाहतो आहे. पहिल्या अर्थाच्या ‘मी’ला जडवादात जागा नाही आणि मेंदूविज्ञानात त्याची गरज पडत नाही, हे सरळ मान्य करायला हवे. ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांनी ती श्रद्धा म्हणून ठेवावी. प्रयोगशाळेची साक्ष तिच्यासाठी मागू नये.

पण द्रव्य नाही म्हणजे खरे नाही, हे अनुमान चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का आहे हे लोणारच्या काठावर उभे राहिले की समजते. दख्खनच्या काळ्या पाषाणात उल्केच्या आघाताने पडलेले ते विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. विवर कशाचे बनले आहे? भोवतीचा खडक बेसाल्टचाच आहे. विवर नावाचे वेगळे द्रव्य त्यात कुठेही नाही. तरी तिथले पाणी आत येते आणि वाहून बाहेर जात नाही, म्हणून ते खारे आणि अल्कधर्मी होते, आणि म्हणून त्यात विशिष्ट सूक्ष्मजीव वाढतात. जून २०२० मध्ये अशाच सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झाले. तरी ते लोणारच राहिले. पाणी बदलते, रंग बदलतो, आकार मात्र टिकतो आणि आपले परिणाम घडवीत राहतो. आकार किंवा रचना ही खडकाहून वेगळी वस्तू नाही, तरी ती खडकाइतकीच खरी आहे, कारण तिच्यामुळे जगात फरक पडतो. नैयायिकांच्या आक्षेपाला उत्तरही इथेच मिळते. प्रेतात तीच भूते आहेत, पण त्यांची रचना आणि तीत चाललेली क्रिया थांबलेली आहे.

तिसऱ्या अर्थाचा ‘मी’, म्हणजे व्यक्ती, अशाच रचनेचा आहे, फक्त कितीतरी अधिक गुंतागुंतीचा. तो स्वतःची नोंद ठेवतो, पुढचे ठरवतो, दिलेला शब्द आठवून वागणे बदलतो. चेतापेशींच्या जाळ्यात हे घडते म्हणून ते खोटे ठरत नाही. कायदाही व्यक्तीला याच दृष्टीने पाहतो. भारतीय दंड संहितेचे कलम ८४, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२, मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप न कळणाऱ्याला दोषी धरत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपल्या उपचारांविषयी आगाऊ निर्देश देण्याचा हक्क देतो. सावध असलेल्या ‘मी’ने पुढे कदाचित सावध नसणाऱ्या ‘मी’साठी आज बोलून ठेवावे, अशी ही तरतूद. तिच्यात अमर आत्म्याचे गृहीतक नाही, आणि माणूस म्हणजे निव्वळ यंत्र असेही नाही. कर्तेपण कमी-जास्त होते, हरवते, परत येते, हे ती ओळखते.

उरतो दुसऱ्या अर्थाचा ‘मी’, ज्ञाता. इथे जडवादाची वाट अडते. १९९५ साली डेव्हिड चामर्स यांनी या अडचणीला ‘कठीण प्रश्न’ असे नाव दिले. मेंदू माहिती कशी हाताळतो हे समजावता येते. पण ते घडताना काहीतरी जाणवते का, मिरचीचा ठसका केवळ प्रतिक्रिया न राहता कोणाला तरी झोंबतो कसा, हे त्यातून निघत नाही. जाणिवेची मेंदूतली खूण पंचवीस वर्षांत सापडेल अशी पैज क्रिस्तॉफ कॉख यांनी १९९८ मध्ये चामर्स यांच्याशी लावली होती. जून २०२३ मध्ये त्यांनी ती हरल्याचे मान्य केले. अमळनेरच्या ग्रंथातला आतून जाणवलेल्या देहाचा मुद्दा याच जागी येऊन भिडतो : जाणणारा जेव्हा पाहण्याचा विषय होतो तेव्हा पाहणारा पुन्हा एक पाऊल मागे सरकलेला असतो. यावरून देहाबाहेरचा आत्मा सिद्ध होत नाही. जाणणे म्हणजे काय याचे आपले ज्ञान अपुरे आहे, इतकेच सिद्ध होते. दृष्टिभ्रमात समोरचे खोटे असू शकते. पण भास कोणाला तरी होतो, हे भासानेच खोटे पाडता येत नाही. म्हणून ‘मी हा केवळ भ्रम आहे’ हे विधान ज्ञात्याला लागू करताना स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारते.

या विवेचनाचे मोल विदर्भात केवळ वैचारिक नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली त्यांत बुलढाणा होता. खचलेल्या माणसाला ‘बाहेरचे’ झाले आहे असे म्हटले की त्याचे दुःख दुसऱ्या कोणाचे ठरते. ‘डोक्यात रसायन बिघडले, एवढेच’ असे म्हटले की ते कोणाचेच राहत नाही. दोन्ही बोलण्यांत तो माणूस हरवतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत विश्राम नावाच्या उपक्रमाने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून समुपदेशन आणि गरजेप्रमाणे डॉक्टरी औषध यांची सांगड घातली, तेव्हा नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अनेक पटींनी वाढले. औषध मेंदूवर काम करते. ऐकून घेणारे माणूसही अखेर मेंदूमार्गेच काम करते, पण ते समोरच्याला ‘तुम्ही’ म्हणून हाक मारते आणि त्या हाकेला ओ देणारे कोणीतरी असते. तो ‘कोणीतरी’ रचनेचा असेल, नाशवंत असेल, ठिकठिकाणच्या धाग्यांचा विणलेला असेल; त्याचे दुःख त्यामुळे रतीभरही कमी खरे होत नाही.

सारांश असा. शरीराहून स्वतंत्र आत्मद्रव्याला मेंदूविज्ञान आणि जडवाद जागा ठेवत नाहीत. नाव, स्मृती, कर्तृत्व आणि जबाबदारी असलेल्या व्यक्तीला ते जागा देतात, कारण रचना ही खरी असते. अनुभव घेणाऱ्या ज्ञात्याला ते नाकारू शकत नाहीत आणि अजून समजावूही शकलेले नाहीत. चोखोबांनी आत्म्याच्या आधाराने आणि बाबासाहेबांनी आत्म्याविना ज्या प्रतिष्ठेचा दावा केला, ती या दुसऱ्या आणि तिसऱ्या ‘मी’ची आहे. तिला आत्मद्रव्याच्या सिद्धीवर किंवा खंडनावर थांबून राहण्याची गरज नाही.